राजीनाम्यावरचा काढा

अमरावती, कॉटन मार्केटच्या मागे
रविवार, सकाळ

मित्रवर्य संघपाल बडे बाबू यांस,

देवमनचा जयभीम. वहिनींना जयभीम, नातवाला पापा, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा जयभीम, कारण मागच्या खेपेला अकोल्याच्या स्टेशनवर भेटलो तेव्हा तुझ्याआधी तोच बोलला होता. (उजवा अजून दोन वर्षं काढेल. डाव्यात किरकिर आहे, ती मी दहा पावलांवरून ऐकली. पायऱ्या उतरताना कठडा धरत जा.) आमच्याकडे सर्व ठीक. आईचं, म्हणजे केशरबाईचं, वय अठ्ठ्याहत्तर झालं आणि दात पाच उरले, पण आवाजाला काही झालेलं नाही. बायको माया मजेत आहे. मी मजेत आहे की नाही, ते पत्र वाचून तूच ठरव.

तू म्हणशील, खिशात फोन असताना यानं पत्र काहून लिहिलं. फोनवर तू 'हो का, हो का' म्हणत असतोस आणि मागे तुझ्या टीव्हीवर एक सासू सुनेला घराबाहेर काढत असते, ते मला ऐकू येतं. सून बाहेर गेली की तुझा 'हो का' एकदम मोठा होतो. शिवाय माझ्या तीन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं आधी आईला कळतं आणि मग पलीकडच्याला. म्हणून दुकानात बसून लिहितो आहे, शटर अर्धं खाली ओढून. (लिहिताना शुद्ध लिहितो. शाळा नववीत सुटली, पण दर्यापूरच्या शाळेत मराठीत मला तुझ्यापेक्षा तीन मार्क जास्त होते. तू विसरला असशील, मी विसरलेलो नाही.)

विषय तुझ्याच ऑफिसातला आहे. तुझ्यापासून तिसऱ्या टेबलावर बसते ती माझी लेक प्रियदर्शनी. दोन वर्षं झाली, सकाळची गाडी बडनेऱ्याला धरून अकोला आणि संध्याकाळी परत, असं अपडाऊन करते आहे. ती नोकरी कशी लागली हे तुला सांगायला नको. तीन वर्षं अभ्यास केला, दोनदा एकेका मार्काने हुकली, आणि तिसऱ्यांदा यादीत नाव आलं तेव्हा मी दुकानातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू केल्या होत्या. (फ्यूज गेला, पण अख्ख्या गल्लीला बातमी कळली.) आता जानेवारीत ती कायम होणार. कायम व्हायला दोन महिने उरलेले असताना ही पोरगी उन्हाळ्यापासून म्हणून राहिली आहे की नाई करायची मले हे नोकरी. माझा जीव अडकला आहे तो एवढ्यातच. बाकी पत्रात हसण्यासारखं जे काही सापडेल ते या गोष्टीच्या आजूबाजूला सांडलेलं आहे, खुशाल हस.

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कान लावला. माझा धंदाच ऐकण्याचा. शेतकरी विहिरीतली मोटार आणून दुकानात टाकतो, मी ती चालू करून पेचकसाचं टोक तिच्या अंगावर ठेवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो की बेअरिंग गेलं, किंवा तांबं काढून पुन्हा भरावी लागेल. तीस वर्षं या कानावर मी घर चालवलं, आणि असा कान संध्याकाळी घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही. फाटकाची कडी, स्कूटीचा स्टँड, चहात फिरणारा चमचा, सगळं आत येत राहतं. महिन्यातले वीस-बावीस दिवस प्रियदर्शनीचा चमचा चार फेरे घेतो आणि थांबतो. मग पाच-सहा दिवस असे येतात की चमचा थांबतच नाही, फाटक दोनदा आपटतं, आणि न्हाणीघरातला नळ उगाच सुरू राहतो. नळाच्या आड कुणी रडत असलं की पाण्याचा आवाज जाड येतो. (हे तुला पाण्याचं शास्त्र म्हणून सांगतो आहे, दुसरं काही म्हणून नाही.)

अशा दिवसांना मी दुकानातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब देऊ लागलो. तीन महिन्यांत टिंबांचे तीन पुंजके तयार झाले, मधे सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांचं अंतर, आणि नोकरी सोडायची भाषा तिन्ही वेळा टिंबांच्या आतच. मी स्वतःवर फार खूश झालो. असा शोध लावणाऱ्याला कुठेतरी शाल-नारळ मिळायला हवा असं वाटत होतं, तेवढ्यात माया डबा घेऊन दुकानात आली. तिने कॅलेंडरवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "आवो, हे तं पोरीच्या पाळीआधीचे दिवस हायत. मले इचारलं असतं तं मी दारात उभ्या उभ्या सांगतलं असतं. तुमी तीन मयने पेन्सिल घासत बसले." मग म्हणाली, "पुसा पयले. गिऱ्हाइकं येतात इथं." मी पुसलं.

हा विषय बापाने मित्राला लिहावा असा नाही, हे मला समजतं. आपण वाढलो त्या घरांत बाया 'अडचण आहे' म्हणायच्या आणि माणसं सगळं कळल्यासारखी मान हलवून ओट्यावर जाऊन बसायची. पण प्रकार साध्या चिडचिडीचा नाही. त्या दिवसांत तिला झोप नसते, डोकं दुखतं, गाडीत बसलं की छातीत धडधडतं आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. तिच्या हातून चहाचा कप फुटला तर ती कपासाठी अर्धा तास रडते. आणि पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सगळं ओसरतं आणि ती स्वतःच लाजते. एवढं सगळं मायाने मला सांगितलं, आणि मग आमच्या घरात समिती बसली.

समितीत तीन जण. आईचं मत ओवा, सुंठ आणि गूळ उकळून देण्याचं. ("मी सांगतो तुमाले, आमच्या टायमाले हेच होतं अन् हेच पुरलं." त्या टायमाला त्या काढ्यानं बरं वाटायचं का, असं विचारल्यावर म्हणाली की बरं वाटते का असं इचारणारंच कोणी नव्हतं.) मायाने मोबाईलवर एका बाईचे चौदा व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे ती जटामांसी आणि ब्राह्मीच्या बाजूने होती. तिसरा मी. माझं स्वतःचं मत काही नव्हतं म्हणून मी जवाहर गेटकडच्या चंद्रभानकडे गेलो. हा जडीबुटीचा जुना दुकानदार, दोन वेळा त्याच्या घरची मोटार मी भरून दिली आहे. त्याच्या दुकानात एवढे डबे आहेत की माणूस एक दुखणं घेऊन आत जातो आणि चार घेऊन बाहेर पडतो. त्याने लक्षणं विचारली, डोळे मिटले, आणि ओवा, जटामांसी, ब्राह्मी, शतावरी, केशर आणि अशोकारिष्टाची बाटली असं सगळंच बांधून दिलं. यातलं नेमकं कोणतं द्यायचं, विचारलं तर म्हणाला, "भाऊ, एखादं तं लागूच पडीन."

हे माझ्या तत्त्वात बसेना. माझ्या दुकानाचा एक नियम आहे आणि त्याच्यावरच माझं नाव चाललं आहे: भरलेली मोटार हौदात सोडून अर्धा तास स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. मग पोरीच्या पोटात जायची वस्तू मी न तपासता कशी देऊ? म्हणून मी ठरवलं की प्रत्येक औषध आधी मी घेणार, आठ-दहा दिवस चालवून पाहणार, आणि पास झालं तरच प्रियदर्शनीला देणार. मायाने पातेलं आणि गाळणी काढून माझ्यासमोर ठेवली. तीस वर्षांत मी तिच्या भांडी ठेवण्याच्या सगळ्या तऱ्हा ओळखायला शिकलो आहे. ही मजा पाहणारी होती.

ओव्याचा काढा पास झाला, म्हणजे पोट साफ झालं. शतावरी मी दुधातून घेतली. तिसऱ्या दिवशी आईने भांडं हुंगलं आणि विचारलं की हे तं बाळंतिणीले दूध यावं म्हणून देतात, तू काहून पिऊन राहिला? आठ दिवसांत माझं वजन वाढलं, दुसरा फरक दिसला नाही. केशर-दूध घेतलं त्या दिवशी नेमकी आई समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि मायाला विचारलं, "कितवा लागला वं याले?" मी केशराची चाचणी तिथेच थांबवली.

ब्राह्मी आणि जटामांसी मात्र कामाच्या वस्तू आहेत, हे मी अंगावर घेऊन सांगतो. चंद्रभानने चिमूटभर सांगितली होती. मी चिमूट आपल्या मापाने घेतली. ते दिवस कपाशीला पाणी देण्याच्या घाईचे, दुकानात मोटारींची रांग, आणि मला कशाचीच घाई वाटेना. दर्यापूरकडच्या गोपाल नावाच्या शेतकऱ्याची मोटार मी भरली, हौदात सोडली आणि तिच्या आवाजाकडे कान देता देता हौदाच्या कठड्यावरच झोपलो. तीस वर्षांत पहिल्यांदा मोटार माझ्या झोपेत पास झाली. दुसऱ्या दिवशी गोपाल तीच मोटार जीपमध्ये टाकून परत. दोन वायरी उलट जोडल्यामुळे ती उलटी फिरत होती आणि पाण्याची धार करंगळीएवढी पडत होती. "देवमनभाऊ," तो दारातूनच ओरडला, "मोटार पाणी वर फेकून नाई राहिली, खालीच पिऊन राहिली!" एरवी मी असं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मी त्याला शांतपणे म्हणालो की बस, चहा घे, पाणी काय, आज ना उद्या येईलच. तो माणूस घाबरला. माझ्या तोंडून असं वाक्य निघालेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. वायरी त्यानेच मला दाखवल्या.

राहिलं अशोकारिष्ट. बाटलीवर लिहिलं होतं, दोन चमचे, तेवढंच पाणी, जेवणानंतर. माझा अंदाज असा की दोन चमचे हे अर्ध्या हॉर्सपॉवरच्या बाईमाणसासाठी. माझ्यासारख्या साडेसातच्या माणसाला दोन चमच्यांत काय कळणार? (हे वाक्य मायाला वाचून दाखवलं. तिने 'अर्ध्या हॉर्सपॉवरच्या' शब्दावर मला पुन्हा विचार करायला सांगितलं आहे. विचार चालू आहे.) मी अर्धा पेला घेतला, उपाशीपोटी. आसव-अरिष्टं मुरतात तेव्हा त्यात आपोआप थोडी दारू तयार होते, ते बाटलीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं; चष्मा दुकानात होता. आणि दिवस कोणता? अश्विन पौर्णिमा. पावसाळाभराच्या वर्षावासाची समाप्ती, विहारात गर्दी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि माझ्या मांडीला मांडी लावून बुधाजीकाका. हे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. शेवटच्या गाडीत चढणारा माणूस प्यालेला आहे की नुसता दमलेला, हे नाकाने ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. पंचशील सुरू झालं. चार शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, मी जरा जास्तच भक्तीने म्हटलं असावं, कारण माझा आवाज सगळ्यांच्या पुढे गेला, आणि आवाजाबरोबर वासही.

वंदना संपल्यावर काकांनी मला चपलांच्या ढिगाजवळ धरलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "देवमन, तुह्या बापानं कधी शिवली नाई रे. कधीपासून?" मी म्हटलं, काका, दारू नाही, औषध आहे. "कायचं औषध?" आता खोटं बोलावं तर चौथं शील ताजं होतं. म्हणून खरं सांगितलं की बायकांच्या पाळीआधीच्या त्रासाचं आहे. काकांनी माझा हात सोडला. तेव्हापासून ते माझ्याकडे जसे पाहतात ते पाहून मला वाटतं, दारुडाच म्हणवून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यावरही मी थांबलो नसतो, पण काढे पिण्यात दोन महिने गेले, दिवाळीही आली, गेली, आणि माया म्हणाली की तुमचं तपासणं होयपर्यंत पोरीचं वय होईन. खरंच, इतक्या दिवसांत प्रियदर्शनीच्या पोटात चमचाभरही काही गेलं नव्हतं. सगळं मीच पीत होतो. म्हणून शेवटी मी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकटाच. तिथे नंबर लावणारी मुलगी पेशंटचं नाव आणि तक्रार अशा आवाजात पुकारते की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही कळावं. प्रियदर्शनीचं नाव तसं पुकारलं जाणं मला पटेना, म्हणून मी स्वतःचं दिलं. त्यामुळे पंधरा-वीस गरोदर बायकांपुढे पुकारा झाला, "देवमन, वय छप्पन्न, पाळी येण्याआधी घाबरल्यासारखं होतं." मी उठलो. कुणी हसलं नाही. एका म्हातारीने मला वाट करून दिली आणि बसायला मदत हवी का विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिकत ऐकून घेतली, शतावरीपासून बुधाजीकाकांपर्यंत. मग म्हणाल्या की तुमच्या चाचणीतून एवढं सिद्ध झालं की तुम्हाला स्वतःला आता पाळीआधीचा त्रास मुळीच होत नाही. (माझी चूक मला तेव्हा दिसली. ज्या मोटारीत बिघाडच नाही तिच्यावर दुरुस्ती तपासता येत नाही, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो आहे.) पुढे त्या सरळ बोलल्या. हा त्रास खरा असतो, नाटक नसतं. झाडपाल्यातल्या काही वस्तूंवर थोडेफार अभ्यास झाले आहेत, केशरावर झाले आहेत, निर्गुंडीच्या गोतातल्या एका परदेशी झाडावर झाले आहेत, पण छाती ठोकून सांगण्याइतके नाहीत; आणि दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर झाडपाला निरुपद्रवी समजून त्यात मिसळू नये. पाच गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आला आणि बिघडलं कशाने, काहीच कळत नाही. हे मला लगेच पटलं. शेवटी त्यांनी विचारलं की मुलीला काय हवं आहे, ते तिला विचारलं का? मी म्हटलं, अजून नाही, चाचणी चालू होती. त्या म्हणाल्या, आईबरोबर पाठवून द्या, तुम्ही येऊ नका.

घरी येऊन मी प्रियदर्शनीला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग विहाराचा भाग आला तेव्हा हसली. इतकी हसली की आईला वाटलं हे पण त्या दुखण्यातलंच. दुसऱ्या आठवड्यात ती मायाबरोबर जाऊन आली. आता ती स्वतःच्या वहीत स्वतः तारखा लिहिते, संध्याकाळी आल्यावर स्कूटी लावून अर्धा तास पायी फिरते, झोपेची वेळ पाळते, पाणी भरपूर प्यायचं असं सांगितलं आहे, आणि दोन महिन्यांच्या नोंदी पाहून पुढचं औषध ठरणार आहे. ब्राह्मीची बरणी चंद्रभानला परत केली. उरलेलं अशोकारिष्ट आईने कपाटाच्या मागे ठेवलं आहे, कुणापासून लपवलं ते सांगत नाही. चमचा थोडा शांत झाला आहे. थोडाच. पण झाला आहे.

तेव्हा काळजी नसावी. इकडे अमरावतीकडे कुणाच्या लग्नाला येशील तेव्हा घरी उतर, गुडघ्यासह. सगळ्यांना पुन्हा जयभीम सांग आणि या पत्राची वाच्यता करू नको. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही असा तुझा लौकिक आहे, तो एकदा खोटा ठरव.

तुझा,
देवमन

ता. क. इतकी पानं ज्यासाठी लिहिली ते आता लिहितो. ती नोकरीचं अजून तेच म्हणते, आणि काल तिच्या बॅगेत लांब पाकीट दिसलं. वर ऑफिसचा पत्ता, आत राजीनामा. (मी उघडलं नाही. पाकीट उजेडासमोर आपोआप आलं.) आवक-जावकचं रजिस्टर तुझ्याकडेच आहे. उद्या ती पाकीट देईल तेव्हा घे, हो म्हण, आणि नंबर न टाकता खणात टाकून दे. माझ्या हिशोबाने येत्या शनिवारपर्यंत ते पाच दिवस संपतात. पुढच्या सोमवारी ती स्वतःच म्हणेल की काका, ते पाकीट परत द्या. मित्राकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागतो आहे. फक्त एक आठवडा, खणात.

ता. क. दुसरा. रविवार, संध्याकाळ. वरचा ताजा कलम रद्द समज. पत्र खिशात घालून घरी आलो तर स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या, आणि आमच्या मधली भिंत लाकडी फळ्यांची आहे. माया विचारत होती की डॉक्टरीणबाईनं पाणी पे सांगतलं, अन् तुही बाटली रोज भरलीच्या भरली परत काहून येते वं?

"पाणी पेलं का जा लागते नं, आई."

"मंग जाय."

"किल्ली संघपालकाकाच्या खणात रायते."

मग बाकीचं निघालं. बाहेरची माणसं घाण करतात म्हणून बायकांच्या बाथरूमला कुलूप, आणि त्याची किल्ली तुझ्या खणात. प्रत्येकीने तुझ्या टेबलासमोर उभं राहायचं. तू फाईलमधून वर न पाहता मोठ्याने विचारतोस, "किल्ली पायजे का?" आणि तिसऱ्या खेपेला, "आताच तं गेलती." हॉलमधल्या बारा माना वर होतात. म्हणून ही पोरगी सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. किल्ली बाहेर खिळ्याला लावा, असे दोन अर्ज तिने दिले, वर्ष झालं. दोन्हींवर तू आवक नंबर टाकलास आणि दोन्ही त्याच खणात ठेवलेस. माया म्हणाली, मंग त्याच पाच दिवसांत नोकरी सोडतो म्हणतं, ते काहून? तर म्हणाली, "बाकीचे दिवस गिळतो मी. त्या पाच दिवसांत गिळल्या जात नाई, एवढंच. राजीनामा मी दोन हप्त्याआधी लिहिला, डोकं थंड असताना." मग म्हणाली, "काका मनानं वाईट नाई. त्याईले वाटते का किल्ली सांभाळणं म्हणजे काम."

संघपाल, मोटार वारंवार जळते तेव्हा मोटारीत दोष असतो, खोटं नाही. पण जाणता माणूस आधी खांबावरून वीज किती येते ते पाहतो. मी पाच महिने मोटारच खोलत बसलो, तिच्या वाट्याचे काढे पीत बसलो, आणि सकाळी तुला सांगत होतो की तिचा तिसरा कागदही खणात टाक. म्हणजे आपण दोघं मिळून एकच काम करत होतो.

ता. क. तिसरा. सोमवार, गाडीची वेळ झाली. पत्र पोस्टात टाकणार होतो, पण प्रियदर्शनीने मागून घेतलं. म्हणाली, "माह्याबद्दल इतकी पानं लिहिली अन् मलेच ठाऊक नाई?" चहा थंड होईपर्यंत उभ्यानेच वाचलं. दोन ओळी तिने खोडल्या आहेत, त्या उजेडासमोर धरू नको. बाकी राहू द्या म्हणाली, काकाले कळू द्या. पत्र तीच आणते आहे, न चिकटवता. तू वाचत असशील तेव्हा ती तुझ्या टेबलासमोर उभी असेल, आणि ते लांब पाकीट तिच्या हातात असेल, अजून तुझ्या हातात दिलेलं नसेल. तुझ्या खणात आवकचा शिक्का आहे आणि किल्लीही आहे. दोन्हींतलं आधी काय बाहेर काढतोस तेवढं पाहायला ती थांबली आहे.